हमीभाव दिल्लीत, प्रतवारी फाटकावर

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. वर्तमानपत्रांनी हे आकडे ठळक छापले, सत्ताधाऱ्यांनी सभांतून ते मिरवले आणि विरोधकांनी ते अपुरे असल्याचे सांगून आपले कर्तव्य उरकले. आकडा अपुरा आहे, हे खरेच आहे. परंतु पैठण, सिल्लोड किंवा फुलंब्री तालुक्यातला शेतकरी कापसाने भरलेली ट्रॉली घेऊन जिनिंगच्या फाटकाशी पोहोचतो, तेव्हा दिल्लीत ठरलेला हा आकडा पुन्हा एकदा, निराळ्याच रीतीने ठरतो. तेथे एक माणूस ट्रॉलीवर चढतो, वरच्या थरात हात घालतो, मग कोपरापर्यंत आत खुपसून खालचा कापूस काढतो, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहतो, आर्द्रतामापकाचे टोक कापसात रोवतो आणि एक आकडा उच्चारतो. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा निवाडा या दोन मिनिटांत होतो आणि त्यावर अपील नाही.

हमीभावाविषयी आपल्याकडे जेवढे लिहिले आणि बोलले जाते, त्याच्या शतांशही या दोन मिनिटांविषयी बोलले जात नाही. भाव हा राजकारणाचा विषय मानला जातो. प्रतवारी मात्र तांत्रिक बाब म्हणून तज्ज्ञांच्या आणि व्यापाऱ्यांच्या स्वाधीन केली जाते. वास्तविक भाव ज्या दाराने शेतकऱ्याच्या हातात येतो, त्या दाराचे नाव प्रतवारी आहे आणि त्या दाराची किल्ली खरेदीदाराच्या कमरेला आहे.

आकड्यांतच पाहावे. सरकारने जाहीर केलेला ८,११० रुपयांचा भाव आठ टक्के आर्द्रतेच्या कापसाचा आहे. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावाचा एक टक्का कापला जातो आणि बारा टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. म्हणजे यंत्राने आठऐवजी दहा दाखवले, की क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे गेले. वीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे ३,२४४ रुपये गेले. बाराऐवजी तेरा दाखवले, तर हमीभावच गेला आणि शेतकरी त्याच रस्त्याने शेजारच्या खासगी खरेदीदाराच्या दारात जाऊन उभा राहिला. आता हा ओलावा काही जन्मजात गुण नव्हे. सकाळी दव पडलेला कापूस आणि दुपारच्या उन्हातला कापूस एकच आकडा दाखवीत नाही. रात्रभर रांगेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचा वरचा थर एक सांगतो, मधला थर दुसरेच सांगतो. केंद्र अपुरे, वजनकाटा एकच, म्हणून रांग लांब. रांग लांब म्हणून रात्र उघड्यावर. रात्र उघड्यावर म्हणून ओलावा जास्त. आणि ओलाव्याची कपात कोणाच्या खिशातून, तर शेतकऱ्याच्या. व्यवस्थेच्या दिरंगाईचा दंड मालाच्या दोषाच्या नावाखाली वसूल करण्याचा हा प्रकार आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, बोंडे झाडावरच भिजली, आणि त्या हंगामात बारा टक्क्यांची ही रेषा अनेकांना तलवारीसारखी लागली.

याचा अर्थ मालाची प्रत पाहूच नये, असा होत नाही. ओला कापूस साठवला तर आतून तापतो, रुई पिवळी पडते. आखूड धाग्यातून बारीक सूत निघत नाही. गिरणीला जे लागते ते लागते. मध्यम धाग्याची व्याख्या २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि लांब धाग्याची २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, त्याला जोडून तलमतेचे म्हणजे मायक्रोनेअरचे माप, ही मानके कागदावर आहेत आणि ती वाजवी आहेत. प्रश्न असा आहे, की मिलिमीटरच्या दशांशात लिहिलेले हे मानक अंगठ्याने ओढलेल्या धाग्यावरून कोण, कोणाच्या वतीने आणि कोणासमोर लावतो.

कापसाचा प्रवास जिनिंगच्या फाटकाच्या अलीकडे आणि पलीकडे अशा दोन राज्यांतून होतो. पलीकडे गेला, की सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोंची गाठ बांधली जाते आणि त्या गाठीला एकदम नागरिकत्वाचे सर्व हक्क प्राप्त होतात. तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो; धाग्याची लांबी, ताकद, तलमता, रंग यंत्रावर मोजली जाते; निकाल कागदावर येतो. व्यापारी आणि गिरणी यांच्यात प्रतीविषयी मतभेद झाला, तर तपासणीची, लवादाची आणि अपिलाची सोय आहे. मुंबईत १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने, आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाने, ही सोय व्यापाराला पिढ्यान्‌पिढ्या पुरवली आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘कस्तुरी’ ही भारतीय कापसाची नाममुद्राही जाहीर केली. तीत गाठीचा माग काढता येतो. गाठ कोठे बांधली गेली हे परदेशातील ग्राहकाला कळते. ज्याच्या शेतातून ती आली त्याला मात्र आपला कापूस कोणत्या प्रतीचा ठरला आणि का, हे लेखी कळत नाही. फाटकाच्या पलीकडे करार करणारे दोन धनको आहेत, म्हणून तेथे नियम आहेत. अलीकडे एका बाजूस धनको आणि दुसऱ्या बाजूस गरजू आहे, म्हणून तेथे अंगठा आहे.

सरकारला मालाची तपासणी करता येत नाही, असा कोणाचा समज असेल तर त्याने मुंबई इलाख्याचा इतिहास चाळावा. १८२९ मध्ये कंपनी सरकारने कापसातील भेसळीविरुद्ध कठोर शिक्षेचा कायदा केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर इकडे वळली, तेव्हा १८६३ मध्ये ‘कॉटन फ्रॉड्स अ‍ॅक्ट’ आला. निरीक्षक नेमले गेले. हे निरीक्षक मँचेस्टरच्या ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून होते. वऱ्हाड-खानदेशच्या कुणब्याची फसवणूक होऊ नये म्हणून त्या काळी एकही निरीक्षक निघाला नाही. पुढे कारंजाचा १८८६ चा नियंत्रित बाजार, १८९७ चा वऱ्हाडचा बाजार कायदा, १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आणि निजामाच्या मुलखात १९३० चा शेतमाल बाजार कायदा असे एकामागून एक टप्पे आले. वजनमाप, अडत, तोलाई, हमाली यांवर काही बंधने आली. मनमानी सूट आणि कडता कायद्याने बंद झाला, जरी गावोगावी तो नाव बदलून जिवंत असला तरी. तराजूवर सरकारी शिक्का आला. प्रतीवर मात्र शिक्का आला नाही. १९३७ च्या प्रतवारी व चिन्हांकन कायद्याने ‘अ‍ॅगमार्क’ जन्माला आला. तो मुख्यतः स्वेच्छेचा राहिला आणि किराणा दुकानातील डब्यावर जाऊन बसला. जाधववाडीच्या बाजार आवारात तो शोधायचा तर तुपाच्या डब्यावरच शोधावा लागेल.

येथे तंबाखूचे उदाहरण बोधप्रद आहे. तंबाखूच्या पिकाविषयी कोणाला प्रेम असण्याचे कारण नाही. पण बाजार कसा चालतो हे त्या पिकाइतके नागडेपणाने दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. तंबाखूच्या पानाची प्रत रंग, पोत, पानाची जागा, वास अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि म्हणून ती पाहणाऱ्याच्या मर्जीवर ठरवणे सर्वांत सोपे. सीमाभागातील निपाणी हे बिडी तंबाखूचे मोठे पेठेचे गाव. तेथे माल व्यापाऱ्याच्या वखारीत, प्रत व्यापाऱ्याच्या जिभेवर आणि पैसे व्यापाऱ्याच्या सवडीने, ही रीत वर्षानुवर्षे चालली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक पुणे-बंगलोर महामार्गावर येऊन बसले. ६ एप्रिलला ते आंदोलन पोलिसी बळाने मोडून काढण्यात आले आणि बारा शेतकरी हुतात्मे झाले. शेतकरी संघटनेच्या खुल्या बाजाराच्या तत्त्वज्ञानाशी समाजवाद्यांचा वाद जुना आहे आणि तो मिटलेला नाही; परंतु त्या रस्त्यावर बसलेल्या माणसाची तक्रार खरी होती, हे मान्य करण्यास त्या वादाची आडकाठी नसावी.

त्याच काळात दुसऱ्या एका तंबाखूच्या वाट्याला निराळे भाग्य आले. सिगारेटच्या कारखान्यांना आणि निर्यातीला लागणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी १९७५ चा कायदा झाला, गुंटूरला तंबाखू मंडळ स्थापन झाले आणि १९८४ मध्ये कर्नाटकात, १९८५ मध्ये आंध्रात मंडळाच्या लिलावगृहांतून विक्री सुरू झाली. तेथे गाठीची प्रत मंडळाचा माणूस लावतो, खरेदीदार कंपनीचा नव्हे. बिडीचा तंबाखू या व्यवस्थेबाहेरच राहिला. परकीय चलन मिळवून देणाऱ्या पानाला सरकारी प्रतवारीकार मिळाला. गरिबाने पिकवलेल्या, गरीब बायांनी वळलेल्या आणि गरिबाने ओढलेल्या पानाला वखारवाल्याची जीभ पुरेशी मानली गेली.

आणि भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, काय झाले? १९३५ मध्ये तेथे तंबाखू तपासणीचा कायदा झाला. एखाद्या लिलाव बाजारातील दोनतृतीयांश उत्पादकांनी मतदानाने मान्यता दिली, की त्या बाजारात सरकारी निरीक्षकाने प्रत लावल्याशिवाय तंबाखू विकता येणार नाही, अशी ती तरतूद. तोवर लिलाव असा भरधाव चाले, की आपल्या ढिगाची प्रत काय आणि भाव योग्य की अयोग्य, हे उत्पादकाला उमगेपर्यंत खरेदीदार चार ढीग पुढे गेलेला असे. या कायद्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. उत्पादक गेले नाहीत; उत्तर कॅरोलिनातील ऑक्सफर्ड येथील वखारमालक आणि लिलाववाले गेले. १९३९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. प्रतवारी हा निरुपद्रवी तांत्रिक विषय असता, तर वखारवाल्यांनी वकिलांवर पैसे खर्च केले नसते.

आता आपल्याच गोटातील एका अप्रिय आठवणीकडे वळले पाहिजे. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना राबवली. व्यापाऱ्याला दूर सारून सर्व कापूस राज्याने घ्यावा, ही कल्पना समाजवाद्यांना आपली वाटावी अशीच होती. प्रारंभी सहकारी पणन संघाने आणि १९८४ पासून स्वतंत्र कापूस पणन महासंघाने ती चालवली. तरीही मराठवाड्यातील कोणत्याही म्हाताऱ्या कापूस उत्पादकाला विचारले, तर तो प्रथम ग्रेडरची आठवण काढतो, आणि ती आठवण गोड नसते. चांगला माल ‘फेअर’मध्ये उतरवला जाणे, ओळखीच्या माणसाची गाडी रांग सोडून आत जाणे, चहापाण्याशिवाय प्रत न वाढणे, हे सारे घडले. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या नावावर हलका माल खपवला, तोही याच ग्रेडरच्या डोळ्यांदेखत. शेजारच्या राज्यांत चोरट्या वाटेने कापूस गेला तो केवळ भावासाठी नव्हे, रोख पैशासाठी आणि या अपमानातून सुटका म्हणूनही. २००२ मध्ये एकाधिकार संपला तेव्हा अश्रू ढाळणारे शेतकरी फार नव्हते.

या अनुभवावरून उजव्या मंडळींनी काढलेला निष्कर्ष असा, की सरकारी प्रतवारी म्हणजे भ्रष्टाचार. तेव्हा सरकारने दूर व्हावे. हा निष्कर्ष चुकीचा आहे, पण त्याचे उत्तर ‘माणसे वाईट निघाली’ एवढ्यावर भागत नाही. दोष रचनेत होता. एकाधिकारात खरेदीदार राज्य होते आणि प्रत ठरवणाराही त्याच खरेदीदाराचा नोकर होता. वादी आणि न्यायाधीश एकाच घरचे. महासंघाला तोटा झाला, की प्रत आवळण्याचा मोह. निवडणूक आली, की ती सैल सोडण्याचा मोह. मालकी व्यापाऱ्याकडून सरकारकडे गेली, पण निवाड्याची जागा जिथे होती तिथेच राहिली. भारतीय कपास निगमच्या केंद्रांवरही आज तीच रचना आहे: जो घेतो, तोच पारखतो. आणि खासगी खरेदीत, विशेषतः गावात येऊन होणाऱ्या खेडा खरेदीत, तर पारख नावाची गोष्टही उरत नाही. तेथे व्यापारी ढिगाकडे पाहतो आणि शेतकऱ्याच्या निकडीची पारख करतो.

मानक सैल सोडणे म्हणजे काय, याचे ताजे उदाहरण सोयाबीनचे आहे. हमीभावाच्या खरेदीसाठी आर्द्रतेची मर्यादा बारा टक्के. २०२४ च्या हंगामात पावसाने भिजलेले सोयाबीन घेऊन शेतकरी केंद्रावरून परत जात होते, आणि मर्यादा वाढवता येणार नाही असे उत्तर त्यांना मिळत होते. मग १५ नोव्हेंबर २०२४ रोजी ती मर्यादा पंधरा टक्के करण्यात आली. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. सवलत मिळाली हे चांगलेच झाले. पण ज्या मानकाला विज्ञानाचा आधार सांगितला जात होता, ते मतदानाच्या पाच दिवस आधी वाकते, तर ते शेतकऱ्याला अन्य वेळी पोलादी म्हणून का दाखवले जाते? मानक एकसारखे हवे याचा अर्थ ते आंधळे हवे असा नाही. ओल्या हंगामासाठी वेगळी कपात-कोष्टके हंगामापूर्वीच जाहीर करता येतात. कृपा म्हणून मिळालेली सवलत आणि नियम म्हणून मिळालेला हक्क यांत जो फरक आहे, तोच प्रजा आणि नागरिक यांत आहे.

कार्यकर्त्यांपैकी काहींचा आक्षेप वेगळा असतो, आणि तो अधिक गंभीर आहे. त्यांचे म्हणणे असे, की प्रतवारी कडक झाली तर तिचा लाभ बागायतदाराला होईल. त्याच्याकडे साठवणुकीला जागा आहे, पहिल्या आणि शेवटच्या वेचणीचा माल वेगळा ठेवण्याची ऐपत आहे. कोरडवाहू शेतकऱ्याकडे घराची एक खोली आहे, आणि त्या खोलीत कापूस, लेकरे व उंदीर एकत्र नांदतात. हे वर्णन अचूक आहे. पण आज प्रतवारी नसल्यामुळे त्या कोरडवाहू शेतकऱ्याला काय मिळते? त्याच्या पहिल्या वेचणीच्या पांढऱ्याशुभ्र कापसालाही कवडीमिश्रित मालाचा भाव मिळतो, कारण त्याच्याकडून घेणाऱ्याला फरक मान्य करण्याचे बंधन नाही. बागायतदार बाजार समितीचा संचालक असतो किंवा संचालकाचा मेहुणा असतो. त्याला लेखी नियमाची गरज पडत नाही. लेखी नियम ज्याची ओळख नाही त्यालाच लागतो.

या साखळीत आणखी एक व्यक्ती आहे, जिचा हमीभावाच्या कोणत्याही चर्चेत उल्लेख होत नाही: कापूस वेचणारी बाई. तिची मजुरी किलोवर. जितके किलो, तितके पैसे. बोंडाचे नख, वाळलेले पान, काडीकचरा टाळून स्वच्छ वेचायचे, तर हात हळू चालतो आणि दिवसाचे किलो कमी भरतात. म्हणजे कापसाची प्रत प्रत्यक्षात तिच्या बोटांतून निर्माण होते आणि ती निर्माण केल्याबद्दल तिला दंड होतो. शेतकऱ्याला स्वच्छ मालाचा वेगळा भाव हमखास मिळत नसेल, तर तो तिला स्वच्छ वेचणीची वेगळी मजुरी कशातून देणार? प्रतवारीतील फरक रुपयांत आणि पावतीवर दिसू लागला, तरच शेतमजुरांच्या संघटनेला त्यातील वाटा मागता येईल. हमालांचा प्रश्न आठवावा. हमालीचे दर लेखी झाले, १९६९ चा माथाडी कायदा आला, तेव्हा पाठीवरच्या ओझ्याला हिशेब मिळाला. हिशेबाशिवाय वाटा मागता येत नाही.

एकसारख्या प्रतवारीने भाव आपोआप वाढेल, असे मात्र कोणी समजू नये. गुंटूरच्या मंडळाच्या लिलावातही मोजक्याच कंपन्या बोली लावतात आणि प्रत बिनचूक असूनही भाव पडतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरील अकरा टक्के आयात शुल्क स्थगित केले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे ऐन आवकेच्या दिवसांत बाहेरच्या कापसाला दार उघडे ठेवले. तेव्हा येथील कापूस कितीही सुंदर पारखला असता, तरी त्याचा भाव दबणारच होता. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती लढावीच लागेल. पण लढाईत जिंकलेला रुपया फाटकावर हरवू द्यायचा नसेल, तर ही दुसरी लढाई टाळता येणार नाही.

मागणी काय असावी, हे आता सांगता येते. प्रत लावणारा अधिकारी कपास निगमचा, महासंघाचा किंवा जिनिंगवाल्याचा नोकर असता कामा नये. तो खरेदीपासून संपूर्ण वेगळ्या अशा राज्याच्या तपासणी यंत्रणेचा असावा आणि त्याचा पगार बाजार समित्या जो सेस गोळा करतात त्यातून निघावा. अशी माणसे नाहीत, हे उत्तर चालणार नाही. २०२० च्या टाळेबंदीतल्या खरेदीत ग्रेडर नाहीत म्हणून केंद्रे कमी, अशी सबब ऐकावी लागली होती. ज्या जिल्ह्यात कृषी शिक्षण घेतलेले तरुण नोकरीसाठी हिंडतात, तेथे ही सबब लाजिरवाणी आहे. प्रत्येक ट्रॉलीचा नमुना शेतकऱ्यासमोर काढून त्याचे तीन मोहोरबंद भाग व्हावेत: एक शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक बाजार समितीच्या कपाटात. आर्द्रता किती, कोणत्या वेळी, किती जागी मोजली, प्रत का उतरवली किंवा माल का नाकारला, हे सहीनिशी पावतीवर यावे. रोज सकाळी पहिल्या ट्रॉलीआधी आर्द्रतामापक सर्वांसमक्ष पडताळला जावा, जसा काटा रिकामा शून्यावर दाखवला जातो. रांगेत लागलेल्या दिवसाची नोंद व्हावी आणि केंद्राच्या विलंबाने वाढलेल्या ओलाव्याची कपात केंद्राने सोसावी. वाद झाल्यास त्याच दिवशी, त्याच आवारात, ज्यात उत्पादकांचा प्रतिनिधी आहे अशा समितीपुढे अपील व्हावे. आणि हे सारे सरकारी खरेदीपुरते न राहता, खेडा खरेदीसह प्रत्येक परवानाधारक व्यापाऱ्यास लागू असावे.

यांतील बऱ्याच गोष्टींसाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. बाजार समित्या राज्याच्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. त्यांच्या संचालकांत आपल्या विचाराचे थोडेबहुत लोक अद्याप आहेत. छत्रपती संभाजीनगर, पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूर येथील समित्यांपुढे पावतीचा आणि तिसऱ्या नमुन्याचा ठराव मांडणे, हे येत्या हंगामापूर्वी करता येण्याजोगे काम आहे. त्याआधीचे काम तर कोणाच्या परवानगीनेही अडत नाही. हंगाम सुरू होताच प्रत्येक केंद्राच्या फाटकावर दोन कार्यकर्त्यांनी वही घेऊन बसावे आणि ट्रॉली किती वाजता आली, किती वाजता आत गेली, यंत्राने काय दाखवले, प्रत कोणती लागली, किती कापले गेले आणि परत गेलेला कापूस त्या संध्याकाळी कोणत्या भावाने कोणी घेतला, हे ट्रॉलीगणिक लिहून काढावे. एका महिन्याच्या अशा वह्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवल्या, की मगच मोर्चाची तारीख ठरवावी.